दांडिया बाजारातला रविवारचा कलनाचा वर्ग : अठरा रविवार बसून आल्यावर

जून ते ऑक्टोबर असे अठरा रविवार मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर कॅल्क्युलस, म्हणजे कलन, बदलाच्या वेगाचं गणित, शिकले. वर्गाला पाटी नाही, जाहिरात नाही, आणि ‘माझं नाव कुठे छापू नका’ असं सरांनी बजावलंय, म्हणून नाव लिहीत नाही. सुरसागर तलावाच्या बाजूने आत शिरलात आणि ‘गणिताचे सर’ एवढं विचारलंत तरी कुणीही जिना दाखवेल. सकाळी आठ ते साडेनऊ वर्ग, नंतर चहा. महिन्याला सहाशे रुपये.

माझं रावपुऱ्यात मेडिकल स्टोअर आहे. बारावी बी-ग्रुपने (जीवशास्त्र घेऊन) केली, मग डी.फार्म. गणित दहावीला सुटलं ते कायमचं. गेल्या वर्षी मुलगी ए-ग्रुपला, म्हणजे गणिताकडे, गेली. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, लिमिट म्हणजे नक्की काय गं?” मला सांगता आलं नाही. दिवसभर लोकांना औषधाचे डोस समजावून सांगणारी बाई मी, आणि पोरीच्या एका प्रश्नाला गप्प बसले, हे मनाला फार लागलं.

आधी मोबाइलवरचा एक कोर्स घेतला, साडेचार हजारांचा. शिकवणारा मुलगा हुशार होता, पण दुसऱ्याच धड्यात ‘एक्स स्क्वेअरचं टू एक्स होतं, पाठ करा’ म्हणून पुढे गेला. का होतं, हे मी तीनदा लिहून विचारलं. एकदाच उत्तर आलं, ‘व्हिडिओ पुन्हा बघा.’ पैसे गेले.

सरांनी पहिल्या रविवारी फळ्याला हातच लावला नाही. खाकी कागदाचा दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून टेबलावर ठेवला. बाजू एक सेंटिमीटरने वाढवायची म्हणाले. मग एका अंगाला एक लांब पट्टी चिकटवली, वरच्या अंगाला दुसरी, आणि कोपऱ्यात रिकाम्या राहिलेल्या जागेत नखाएवढा चौकोन. “किती वाढलं क्षेत्रफळ?” दहा, दहा आणि एक, एकवीस. “आता बाजू एक मिलिमीटरनेच वाढवा.” आम्ही वहीत हिशेब केला : २.०१. बाजूच्या वाढीने भागलं की २०.१. त्याहून बारीक वाढ घेतली, तर २०.०१. सरांनी कोपऱ्यातला तो इवलासा चौकोन अंगठ्याने उचकटून काढला आणि तळहातावर धरून सगळ्यांपुढे फिरवला. म्हणाले, “पट्ट्या बारीक झाल्या की हा त्यांच्यापेक्षा कितीतरी लवकर संपतो. उरतात दोन पट्ट्या, प्रत्येक बाजूएवढी लांब. बाजू क्ष, म्हणून दोन क्ष.”

मी पन्नाशीला आले आहे. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. घरी जाऊन मुलीला तसाच चौकोन कापून दाखवला.

वर्ग मराठीत चालतो, पण शब्द तीन घरचे येतात. गुजराती माध्यमातून आलेले ‘लक्ष’ म्हणतात, हिंदीवाले ‘सीमा’, इंग्रजीवाले ‘लिमिट’. सर तिन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहितात. विकलन (बदलाचा वेग काढणं), संकलन (त्या वेगावरून एकूण बेरीज काढणं) हे शब्द मराठी-गुजरातीत सारखेच, त्यामुळे तिथे कुणी अडत नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली. याच गावात १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन काढलं, ते मुलांना तंत्रविद्या आपल्या भाषेत मिळावी म्हणून. त्या धोरणाची धग या माडीवर अजून आहे असं मला वाटतं.

माझ्या धंद्याचं उदाहरण मी स्वतः विचारलं. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, मोठ्या माणसात साधारण दोन-तीन तास असतं, हे आम्ही पाठ केलेलं. का अर्धं, का ठरावीक तेवढं नाही? सरांनी मलाच फळ्यापाशी उभं केलं. शरीरात जेवढं औषध शिल्लक, त्या प्रमाणात ते बाहेर पडतं. म्हणजे घटण्याचा वेग खुद्द उरलेल्या औषधावर अवलंबून. पाचशेचे अडीचशे, अडीचशेचे सव्वाशे, आणि वक्र जमिनीला टेकायला येतो पण टेकत नाही. पंचवीस वर्षं मी ‘सहा तासांनी दुसरी घ्या’ म्हणत आले, आता त्यामागची रेघ मला दिसते.

पण खरा वर्ग मला समजला तो पुराच्या आकड्यांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री आली तेव्हा समा भागातलं आमचं घर पाण्यात होतं. धोक्याची पातळी पंचवीस फूट, आणि नदी पस्तीसच्याही वर गेलेली. दिवे गेले होते. फाटकाच्या खांबावर मी टॉर्चच्या उजेडात खडूने दर तासाला रेघ मारत होते. नऊला चौदा इंच, दहाला वीस, अकराला चोवीस, बाराला सव्वीस, एकला सत्तावीस. घराचं जोतं तीस इंचांचं. घरात एकच वाक्य चाललं होतं, “अजून वाढतंय, अजून वाढतंय.” इन्सुलिनचा फ्रिज माळ्यावर कसा चढवायचा यावर नणंद आणि मी रडकुंडीला आलो होतो.

त्या खांबाचा फोटो मी वर्गात दाखवला. सरांनी आकडे आलेखावर मांडायला लावले. मग वजाबाक्या : सहा, चार, दोन, एक. पाणी वाढत होतं, हे खरंच. पण वाढण्याचा वेग दर तासाला घसरत होता, आणि ते त्या रात्री खांबावर लिहिलेलं असूनही आमच्यापैकी एकालाही वाचता आलं नव्हतं. सर लगेच पुढे म्हणाले, “ताई, यावरून पाणी थांबणारच होतं असं समजू नका. आजवा धरणातून पाण्याचा नवा लोट आला असता तर पुढचा आकडा दहा आला असता. वेग आत्ताचं सांगतो.” ही सावधगिरी मला सगळ्यात मोलाची वाटली.

चहाचं सांगायलाच हवं, कारण अर्धे लोक त्यासाठीच येतात. गल्लीतून शेव-उसळ येते, आणि विज्ञान-राजकारण सुरू होतं. निवृत्त पोस्टमास्तर, इलेक्ट्रिकचा ठेकेदार, दोन शाळामास्तरणी, विद्यापीठातला एक पोरगा, मी. सरांचा नियम एकच : मत मांडायच्या आधी सांगायचं, तुम्ही पातळीबद्दल बोलताय की वेगाबद्दल.

पूर कुणामुळे, या विषयावर तो नियम पहिल्यांदा कामी आला. एकाचं म्हणणं सगळं आजव्याच्या पाण्याने झालं, दुसऱ्याचं कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवून बांधलेल्या इमारतींमुळे. आवाज चढले. सरांनी उसळीच्या वाटीकडे बोट दाखवलं : आत येतंय किती, बाहेर जातंय किती, आणि दोन्ही किती वेळात? आजवा आणि शहरातला पाऊस यांनी आत येणारं वाढतं, बुजलेल्या कोतरांमुळे पाणी पसरायची जागा कमी होते, खाली विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी तुडुंब असली की बाहेर जाणारं अडतं. येणाऱ्यातून जाणारं वजा केलं की साठण्याचा वेग, आणि त्या वेगाचं संकलन म्हणजे माझ्या खांबावरच्या रेघा. दोघांचंही म्हणणं समीकरणात बसलं. कुणाचा वाटा किती, हे मात्र मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलं, आणि ते दोघं त्यानंतर एकाच बाकावर बसायला लागले.

महागाईचंही तसंच. दर सहावरून चारावर आला, म्हणजे स्वस्ताई आली, असं पोस्टमास्तर म्हणाले. शंभराचे एकशे सहा, आणि त्यावर चार टक्के म्हणजे एकशे दहा रुपये चोवीस पैसे. किंमत चढलीच, सावकाश चढली. तेव्हा सरांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची गोष्ट सांगितली. १९७२ साली, निवडणुकीच्या तोंडावर, ते म्हणाले होते की महागाईचा दर वाढण्याचा वेग कमी होतोय. किंमतीच्या वेगाच्या वेगाचा वेग! पुढे १९९६ मध्ये ह्यूगो रॉसी या गणितज्ञांनी लिहिलं की पुन्हा निवडून यायला तिसरं विकलन वापरणारा हा पदावरचा पहिलाच राष्ट्राध्यक्ष. तेव्हापासून बातमीत ‘वाढ मंदावली’ असं दिसलं की मी कशाची वाढ ते आधी शोधते.

एक रविवार कडू गेला. “कॅल्क्युलस आपलंच, इंग्रजांनी चोरलं,” असं ठेकेदार म्हणाले, आणि तो पोरगा “काहीतरीच” म्हणून हसला. सरांना हसणं आवडलं नाही. त्यांनी मांडलं ते असं : भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ग्रहांची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, मोजायचा विचार केला. केरळच्या माधवांच्या परंपरेत चौदाव्या शतकापासून अनंत श्रेढी, म्हणजे न संपणाऱ्या बेरजा, आल्या. एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश, असं करत पायच्या (π) चौथ्या हिश्श्यापर्यंत जाणारी श्रेढी त्यांचीच. पण विकलन आणि संकलन एकमेकांची उलट क्रिया आहे हे धरून कोणत्याही वक्राला चालेल अशी रीत सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी उभी केली. चोरीचा पुरावा नाही, आणि हसण्याचं कारणही नाही. तरीही ठेकेदार पुढचे दोन रविवार आले नाहीत. मला वाटतं सरांनी त्यांना फोन करायला हवा होता. माणूस शिकायला येत होता.

उणिवा आणखीही आहेत. जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून यावं. सप्टेंबरच्या उकाड्यात एका पंख्यावर चौदा माणसं बसणं सोपं नाही. त्रिकोणमिती तुम्हाला येते असं सर धरून चालतात. साइनचं विकलन कॉस का, हे आमच्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावरून गेलं. संकलनाला शेवटचे चारच रविवार मिळाले, ते फार कमी. आणि चहाच्या वेळी बायकांचं बोलणं मध्येच तोडलं जातं, हे मी सरांना तोंडावर सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी पहिलं बोलणं आमच्याकडून सुरू केलं.

बोर्डाचे किंवा जेईईचे मार्क वाढवायला हा वर्ग नाही. मुलीला मी पाठवलं नाही, तिला रोजचा सराव लागतो. ज्यांचं गणित कुठेतरी मागे सुटलं आणि आत सलतंय, त्यांनी जरूर यावं. आलेखाची वही, पट्टी आणि कात्री घेऊन या. कात्री सर उसनी देत नाहीत.

दिवाळीनंतर पुढची तुकडी आहे. त्यातले संकलनाचे रविवार तेवढे पुन्हा बसू का, असं मी विचारलं. सर म्हणाले, “या, पण साइन-कॉस घरून करून या.” दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा सध्या तेच चाललंय.