डॅशकॅम आणि रडार डिटेक्टर : एका डबीत दोन अर्धवट कामे

रस्त्याचे चित्रीकरण (डॅशकॅम) आणि पुढच्या वेगतपासणीची सूचना (रडार डिटेक्टर) ही दोन्ही कामे करणारे म्हणून विकले जाणारे हे उपकरण पुण्यातल्या रोजच्या वापरात विसंबण्याजोगे ठरलेले नाही. दिवसाचे चित्र मात्र स्वच्छ येते. पुढच्या गाडीचा नंबर नीट वाचता येतो.

पण आत लिथियम बॅटरी असल्याने दुपारी उन्हात उभी केलेली गाडी तापली की कॅमेरा बंद पडतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तारीख व वेळ चुकीची दाखवतो; अशी चित्रफीत विमा कंपनीपुढे पुरावा म्हणून कशी ठेवायची? बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा घटक) असलेले कॅमेरे ही उष्णता पुष्कळ बऱ्या रीतीने सोसतात. त्याहून मोठा मनस्ताप धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा आहे. सिंहगड रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, त्या वेळची फाइल पुसली जाऊ नये म्हणून तो लॉक करतो, आणि अशा फायलींनी कार्ड भरले की नवे चित्रीकरणच थांबते. संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवूनही फरक पडला नाही.

डिटेक्टरची तऱ्हा वेगळी. वेग मोजणाऱ्या रडारच्या २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात इतर गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे) आणि दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही काम करत असल्याने तो हिंजवडीच्या कोंडीत सारखा वाजत राहतो. उलट, लेझर गनचा किरण त्याला जाणवेपर्यंत वेग मोजून झालेला असतो, आणि दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढणाऱ्या कॅमेऱ्यांची तर त्याला चाहूलही लागत नाही. बदलून मिळालेल्या उपकरणातही हेच दोष निघाल्याने मी आता पैसे परत मागितले आहेत.