भेसळ ओळखणारं 'थिन-फिल्म मशीन' घेण्याआधी हे वाचा

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एक माणूस 'इंधन शुद्धता मीटर' विकत फिरतोय. किंमत साडेआठ हजार. डिझेलच्या वाफेवर धरायचं. शुद्ध असेल तर हिरवा दिवा, रॉकेल असेल तर लाल. आत थिन-फिल्म, म्हणजे अतिशय पातळ थराचा, सेन्सर आहे म्हणे. मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं, ते नाशिककर विसरलेले नाहीत. भेसळ म्हटलं की आपल्याकडे माणूस लगेच खिशात हात घालतो, हे या विक्रेत्याला पक्कं ठाऊक आहे.

माझ्या गाड्या पिंपळगावचा टोमॅटो वाशीला नेतात. त्याने स्वतःच्या दोन बाटल्या काढल्या. एकीवर हिरवा, दुसरीवर लाल. मी फोनवरून पैसे पाठवले.

घरी एकाच टाकीतलं डिझेल सकाळी हिरवं, दुपारी उन्हात लाल. हाताला लावलेल्या सॅनिटायझरलाही लाल! पुतण्याने डबी उघडली. स्टीलच्या जाळीखाली बारीकशी सिरॅमिकची नळी, तिच्यावर टिन ऑक्साइडचा लेप. शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा साधा गॅस सेन्सर. थिन-फिल्म वगैरे काही नाही.

हा लेप तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. जळाऊ वाफ आली की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, रोध उतरतो. पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, अल्कोहोल, सगळ्यांनी तो उतरतोच. म्हणजे वाफ किती हे कळतं, कुणाची ते नाही. आम्ही चांगल्या डिझेलमध्ये चमचाभर पेट्रोल टाकलं, लाल दिवा! त्याच्या दुसऱ्या बाटलीतही तेच असणार. खऱ्या थिन-फिल्म सेन्सरचा थर नॅनोमीटरमध्ये मोजतात, पण तोही एकटा पुरत नाही. पॅलेडियम, प्लॅटिनम मिसळलेले वेगवेगळे थर, वेगवेगळं तापमान, आणि सगळ्यांचे आकडे संगणकावर ताडून मग कुठे मिळती-जुळती इंधनं वेगळी काढता येतात. दोन दिव्यांच्या डबीचं ते काम नव्हे.

शंका आली तर पंपावरच घनता मोजून मागा. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि मोजलेली घनता १५ अंशांवरच्या घनतेत बदलून देणारा तक्ता त्यांना ठेवावाच लागतो. १५ अंशांवरची घनता नोंदवहीतल्या आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त सरकली तर जाब विचारा. पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागा. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्या.

विक्रेत्याचा फोन आता बंद आहे. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कुणी असे पैसे भरले असतील तर ताबडतोब त्याच नंबरवर फोन करा. आणि तो तुमच्याकडे आलाच, तर त्याच्या बाटल्या बाजूला ठेवायला सांगून आपल्या टाकीतलं डिझेल उन्हात आणि सावलीत तपासायला लावा.