चपट्या बुडाची चिनी कढई: डेन्व्हरच्या उंचीवर काही महिने वापरल्यावर

कार्बन स्टील, 14 इंच, चपटं बूड, स्क्रूनं बसवलेला लाकडी दांडा. गेल्या हिवाळ्यात ऑनलाइन मागवली आणि तेव्हापासून ती शेगडीवरून फारशी उतरलेली नाही. आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, भाड्याच्या घरात, आणि शेगडी काचेची, इलेक्ट्रिक. हे आधीच सांगते, कारण गॅसवर हीच कढई वेगळी वागेल.

नवी कढई गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा किंवा मेणाचा थर देऊन पाठवतात. तो साबण आणि तारेच्या घासणीनं पूर्ण काढायचा. मग कोरडी कढई मोठ्या आचेवर ठेवली की करडा पत्रा आधी पिवळसर-तपकिरी आणि मग निळा होतो. आमच्या शेगडीवर फक्त बूड निळं झालं, कडा तशाच. म्हणून दांडा काढला, तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि ओव्हनमध्ये तापवली. सुरुवातीला अंडं चिकटतं, तेव्हा हिरमुसू नका. कांद्याची पात आणि आलं तेलात परतत राहिलं की बिडाच्या तव्यासारखी तीही हळूहळू काळी आणि गुळगुळीत होते.

रीत एवढीच: आधी कोरडी कढई हलका धूर येईपर्यंत तापवायची, मग थंड तेल घालून सगळीकडे फिरवायचं आणि लगेच जिन्नस टाकायचा. चिनी घरांत असंच करतात. पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला की कढई तयार समजा.

डेन्व्हरची उंची 1,600 मीटर, त्यामुळे इथे पाणी साधारण 95 अंशांना उकळतं. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, भात कच्चट राहतो. तेल मात्र उंचीला जुमानत नाही, म्हणून परतायचे पदार्थ इथेही तेवढ्याच वेळात होतात. ही कढई आवडण्याचं माझं खरं कारण हेच. तिच्यात वाफवायला मात्र जास्त वेळ धरा.

सगळ्यात जास्त होते ती बटाट्याची आंबट-तिखट भाजी. बटाट्याच्या काडीपेटीच्या काडीएवढ्या काड्या करून दोन-तीन पाण्यांत धुवायच्या, स्टार्च गेला पाहिजे. तेलात सुकी मिरची आणि सिचुआन मिरी, वर निथळलेल्या काड्या, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, शेवटी मीठ आणि काळं चिनी व्हिनेगर. बटाटा कचकचीतच राहायला हवा. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ‘अजून एक वाफ काढ गं’ म्हणाल्या. वाफ काढली की ती आपली नेहमीची भाजी होते, दुसरं काही नाही.

सिचुआन मिरी आपल्या तिरफळाची चुलत बहीण, दोघी झँथोझायलम घराण्यातल्या. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीनं अमेरिकेत 1968 ते 2005 तिच्या आयातीवर बंदी होती; आता आशियाई दुकानात सहज मिळते. मापो टोफूत, म्हणजे टोफूच्या झणझणीत सिचुआनी रश्श्यात, तिच्याऐवजी मालवणहून आणलेलं तिरफळ घालून पाहिलं. जीभ छान बधिरते, पण घरभर बांगड्याच्या आमटीचा वास! टोफूचं काम तिथेच संपलं.

टोमॅटो-अंडं बिनधास्त करा, पाच मिनिटांचं काम आहे. टोमॅटोचा रस्सा तासभर आटवायचा असेल तर स्टीलचं पातेलं घ्या. आंबट जास्त वेळ शिजलं की काळा थर निघून जातो.

उन्हाळ्यात आम्ही रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जातो. बेअर लेकचं पार्किंग लवकर भरतं, शिवाय दुपारी विजा चमकायच्या आत झाडांच्या रेषेखाली (जिच्या वर झाडं उगवतच नाहीत) उतरलेलं बरं, म्हणून निघायचं पहाटे. डब्यात चहातली अंडी असतात: उकडून कवच तडकवायचं आणि चहा, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी यांच्या पाण्यात मंद आचेवर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायची. सोबत याच कढईत भाजलेले कांद्याच्या पातीचे पराठे. उंचावर भूक मंदावते, तेव्हा असं खारट खाणंच घशाखाली उतरतं. फ्राइड राइस मी नेत नाही. शिजलेला भात उबेत तासन् तास राहिला तर पोट बिघडवतो. कवचं पिशवीत घालून परत आणा, आणि चिपमंक (पट्टेवाली छोटी खार) कितीही लाडात आला तरी त्याला काही देऊ नका.

आता तक्रारी. दांड्याचा स्क्रू दर महिन्याला ढिला होतो. विक्रेत्याला लिहिलं, तर ‘घट्ट करा’ एवढंच उत्तर आलं. ओली ठेवली तर सकाळी तांबूस डाग दिसतात. धुतल्यावर शेगडीवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवायला लागतं. एका वेळी दोन माणसांपुरतंच घाला, जास्त भरलं की आमची शेगडी दमते आणि भाजीला पाणी सुटतं. धुराच्या अलार्मसाठी खिडकी आधीच उघडा. ज्यांना भांडी डिशवॉशरमध्ये टाकून मोकळं व्हायचंय, त्यांनी ही घेऊ नये. मोठ्या आचेचा गॅस असेल तर गोल बुडाची घ्या, ती डळमळू नये म्हणून खाली रिंग लागेल.