अपग्रेडनंतर सर्व्हर उठत नाही: अशा वेळी सिस्टमरेस्क्यूचा पेन ड्राइव्ह किती कामाचा?

डेबियन या लिनक्सच्या आवृत्ती १२ वरून १३ वर जायचं, पॅकेजं सगळी बिनबोभाट चढतात, शेवटी रीबूट मारायचा आणि पिंग परत येतच नाही. अशा प्रसंगासाठी ज्यांच्या टेबलाच्या खणात पेन ड्राइव्ह तयार असतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या ड्राइव्हवर सिस्टमरेस्क्यू असतं: पेन ड्राइव्हवरूनच उठणारी, बिघडलेली मशीनं दुरुस्त करायची लिनक्स. फुकट, मुक्त परवान्याचं, आयएसओ (ड्राइव्हवर उतरवायची अखंड प्रत) एक जीबीच्या आसपास. पूर्वी नाव सिस्टमरेस्क्यूसीडी होतं आणि पाया जेंटू लिनक्सचा. २०१९ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून पाया आर्च लिनक्सचा झाला. हा बदल लक्षात ठेवा, त्याचे बरेवाईट परिणाम पुढे दिसतात.

निकाल आधीच देतो. हत्यारांची पेटी म्हणून याला तोड नाही. पण हे स्वतः काहीही दुरुस्त करत नाही. 'रिपेअर' लिहिलेलं बटण शोधणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही उठू न देणारी सोय, चालू असलेल्या मशीनवर हे उठतच नाही. आधी फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

ड्राइव्ह लावण्याआधी स्क्रीनकडे नीट पाहा, कारण निम्म्या वेळा त्याची गरजच नसते. 'कर्नल पॅनिक, व्हीएफएस: अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असं दिसलं, तर नव्या कर्नलचा (सिस्टमच्या गाभ्याचा) इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला डिस्क शोधून देणारी छोटी फाइल सिस्टम, बनलेलाच नाही किंवा अर्धवट बनला आहे. ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून जुना कर्नल निवडा, मशीन बहुतेक वेळा उठतं आणि पुढची दुरुस्ती आतूनच होते. मेनूच येत नाही, नुसतं 'ग्रब रेस्क्यू' आणि त्याच्या वर 'सिम्बॉल नॉट फाउंड' अशी ओळ आहे, तर मात्र पेन ड्राइव्ह काढा. तिसरा प्रकार एफएसटॅबचा, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलचा: दीड मिनिट कुठल्याशा डिस्कची वाट पाहून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये पडतं. इथे रूटचा पासवर्ड असेल तर तिथल्या तिथे ओळ सुधारता येते. इन्स्टॉल करताना रूटला पासवर्डच दिला नसेल, तर 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून तो दारातच अडवतो, मग पुन्हा पेन ड्राइव्ह. चौथा प्रकार सगळ्यात फसवा. सर्व्हर व्यवस्थित उठलेला असतो, फक्त नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं. मॉनिटर लावून लॉगिनची ओळ दिसते का, एवढं न पाहता ग्रब खरवडणारे कमी नाहीत.

ड्राइव्ह बनवताना गंमत लेबलची आहे. आयएसओ डीडी कमांडने (ती प्रत जशीच्या तशी उतरवते) किंवा विंडोजवरच्या रूफसच्या डीडी मोडने लिहिली तर प्रश्न नाही. पण फाइली नुसत्या कॉपी करून ड्राइव्ह बनवला, तर त्याचं लेबल आवृत्तीनुसार, म्हणजे ११.०० साठी 'रेस्क्यू११००' असंच हवं. नाहीतर कर्नल सुरू होतो आणि स्वतःचीच फाइल सिस्टम शोधत बसतो. व्हेंटॉयवर (एकाच ड्राइव्हवरून अनेक आयएसओ उठवणारं साधन) टाकलं तरी चालतं, पण मग आतली सेटिंग्ज बदलायला आयएसओ नव्याने बांधावी लागते. त्यासाठी 'सिस्रेस्क्यू-कस्टमाइज' नावाची स्क्रिप्ट सोबत मिळते.

बूट मेनूतला 'कॉपी टू रॅम' पर्याय सर्व्हरसाठी जवळपास सक्तीचा समजा. आयपीएमआयच्या (सर्व्हर दुरून हाताळायच्या सोयीच्या) व्हर्च्युअल मीडियावरून आयएसओ जोडलेली असते तेव्हा मधेच जोडणी तुटली, की चालू सिस्टमच्या पायाखालची चटई निघते. सगळं रॅममध्ये आलं की तुटली तर तुटू दे. मात्र १० एमबीपीएसच्या लाइनवर एक जीबी चढायला तेरा-चौदा मिनिटं धरा, आणि व्हर्च्युअल मीडिया त्याहून रेंगाळतो. सिरियल कन्सोलचा पर्याय मेनूत आहे, पण तो टीटीवायएस० (पहिला सिरियल पोर्ट) धरून चालतो. पुष्कळ सर्व्हर बोर्डांवर दूरचा कन्सोल टीटीवायएस१ वर असतो. तसं असेल तर मेनूतली ओळ हाताने बदला: यूईएफआयमध्ये (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये) 'ई' दाबून, जुन्या बायॉसमध्ये टॅब दाबून.

आणखी एक नेहमीचा अडखळा. नेटवर्क मिळालं, आयपी दिसतो, तरी एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. इथला फायरवॉल येणाऱ्या सगळ्या जोडण्या मुळातच अडवतो, शिवाय रूटला पासवर्ड नसतो. बूटच्या ओळीत 'नोफायरवॉल' आणि 'रूटपास' हे दोन शब्द घातले की काम होतं. धोरण म्हणून हे बरोबरच आहे, पण पहिल्यांदा वापरणाऱ्याची वीस मिनिटं इथे हमखास जातात. दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल, तर 'सिस्रेस्क्यू.डी' फोल्डरातल्या यामल फाइलमध्ये हेच पर्याय कायमचे लिहून ठेवता येतात.

आता याचा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पर्याय: 'फाइंडरूट'. मेनूत तो 'डिस्कवर बसवलेली लिनक्स बूट करा' अशा अर्थाच्या नावाने आहे. कर्नल पेन ड्राइव्हचा, बाकी सिस्टम तुमच्या डिस्कवरची. हे दुरुस्तीपेक्षा निदानासाठी वापरा. फाइंडरूटने सर्व्हर लॉगिनपर्यंत आला, तर रूट फाइल सिस्टम आणि सिस्टमडी (सेवा सुरू करणारी व्यवस्था) ठीक आहेत, बिघाड ग्रब, कर्नल किंवा इनिटरॅमएफएसमध्ये आहे. नाही आला, तर ग्रबला हात लावण्यात अर्थ नाही. चालू कर्नलची मॉड्यूलं तुमच्या डिस्कवर नसतात, म्हणून या अवस्थेत नेटवर्क कार्ड दिसलं नाही तर घाबरू नका.

खरी दुरुस्ती सीएचरूटमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हवरून उठून डिस्कवरच्या सिस्टमच्या आत शिरून. आधी 'एलएसबीएलके -एफ' मारून कुठली डिस्क काय आहे ते पाहा. एलव्हीएम (डिस्कचे लवचीक भाग) असेल तर 'व्हीजीचेंज -एवाय', रेड (अनेक डिस्कांचा एक गट) असेल तर 'एमडीॲडम --असेम्बल --स्कॅन'. तुमचा एमडी० इथे एमडी१२७ म्हणून दिसला तरी ते नाव सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये लिहू नका, होस्टनेम जुळत नाही म्हणून ते पडलेलं असतं. मग रूट '/एमएनटी' वर, त्यावर बूट, त्यावर ईएफआयचं विभाजन, याच क्रमाने माउंट करा. बूट वेगळ्या विभाजनावर असताना ते माउंट करायला विसरलात, तर सगळ्या कमांडी यशस्वी होतात, फाइली रूटवरच्या रिकाम्या बूट फोल्डरात जाऊन बसतात आणि रीबूटनंतर परिस्थिती जैसे थे.

इथे आर्चचा पाया फायद्याचा ठरतो. 'आर्च-सीएचरूट /एमएनटी' एवढ्या एका कमांडने प्रॉक, सिस, डेव्ह, रन, ईएफआयची व्हेरिएबल्स सगळं जोडलं जातं, डीएनएसची फाइलसुद्धा. हाताने पाच-सहा बाइंड माउंट करणं वाचतं. पण त्याच पायाचा तोटा लगेच पुढे उभा असतो. आर्चच्या पाथमध्ये (कमांडी शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) '/एसबिन' आणि '/यूएसआर/एसबिन' नसतात, कारण तिथे सगळं बिनमध्येच असतं. डेबियनच्या आत तोच पाथ वारशाने येतो आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस: कमांड नॉट फाउंड' असं उत्तर मिळतं. डीपीकेजी हे पॅकेजं बसवणारं साधनही एलडीकॉन्फिग सापडत नाही म्हणून रुसतं. पॅकेज उडालं असं समजून लोक भलतंच काही पुन्हा बसवायला घेतात. इलाज साधा: कमांडच्या शेवटी '/बिन/बॅश -एल' जोडा, लॉगिन शेल मिळतो आणि पाथ डेबियनचा होतो.

आत गेल्यावर पहिली नजर 'डीएफ -एच /बूट' वर. डेबियन १३ च्या अधिकृत सूचनांत बूटचं विभाजन किमान ७६८ एमबी हवं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत असं स्पष्ट म्हटलं आहे. डेबियन १० च्या काळात किंवा त्याआधी बसवलेले सर्व्हर यात सापडण्याची शक्यता दाट आहे, आणि नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस लिहिताना मधेच जागा संपते. जुने कर्नल एपीटीनेच काढा, आरएमने फाइली उडवू नका. मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि 'अपडेट-ग्रब', याच ओळीने. तरीही जागा पुरत नसेल, तर इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये मॉड्यूल्सची किंमत 'मोस्ट'वरून 'डेप' करा. फाइल बरीच लहान होते, पण मग तीत फक्त आत्ताच्या हार्डवेअरपुरतीच मॉड्यूलं असतात. उद्या रेड कार्ड बदललं तर सर्व्हर पुन्हा आडवा.

ग्रब रेस्क्यूचं कारण वेगळं. डिस्कच्या सुरुवातीला बसलेला ग्रबचा गाभा जुना आणि बूट फोल्डरातली मॉड्यूलं नवी, म्हणून सिम्बॉल जुळत नाहीत. मधे कधीतरी डिस्क बदललेली असते आणि ग्रब-पीसी पॅकेजला जुन्याच डिस्कचं नाव लक्षात असतं. नुसतं ग्रब-इन्स्टॉल मारून आजचं भागेल, पुढच्या अपडेटला तेच होईल. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालवून डिस्क नव्याने निवडा, आणि रेड-१ असेल तर दोन्हींवर खूण करा.

यूईएफआय असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच उठलेला हवा. 'ईएफआयबूटएमजीआर' मारल्यावर 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' आलं, की समजायचं आपण जुन्या मोडमध्ये आलो आहोत. बाहेर पडा, मेनूतून ड्राइव्हची दुसरी नोंद निवडा. काही फर्मवेअर डेबियनची नोंदच विसरतात. त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉलला 'फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल' पर्याय द्या, म्हणजे ठरलेल्या पर्यायी जागीही एक प्रत बसते.

एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची गोम निराळी. रेस्क्यूमध्ये ती 'क्रिप्टसेटअप ओपन' ने उघडताना नाव मनाने देऊ नका, सर्व्हरच्या क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कांच्या यादीत) आहे तेच द्या. क्रिप्टटॅबमध्ये 'एसडीए३_क्रिप्ट' आणि तुम्ही उघडली 'रूट' नावाने, तर इनिटरॅमएफएस बनवताना ती नोंद जुळत नाही, एक इशाऱ्याची ओळ येते, आणि बनलेल्या फाइलमध्ये डिस्क उघडायची सोयच नसते. शिवाय डेबियन १३ मध्ये हे काम सिस्टमडी-क्रिप्टसेटअप या वेगळ्या पॅकेजात गेलं आहे. एरवी ते शिफारस म्हणून आपोआप येतं. शिफारशी बंद ठेवण्याची सवय असलेल्यांनी ते हाताने बसवावं.

रेड हॅटच्या घराण्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेस्क्यूमधून कुठलीही फाइल बदलली, पासवर्डसुद्धा, तर रूटमध्ये '.ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल ठेवून या, नाहीतर सेलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था लॉगिन अडवू शकते. दुसरं, काही बिघाड दुरुस्तीचे नसतातच. आरएचईएल (रेड हॅटची लिनक्स) ८ ने एसएएस२००८ सारख्या जुन्या डिस्क कार्डांचा आधार काढला, ९ ला प्रोसेसर किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा लागतो. सिस्टमरेस्क्यूला डिस्क दिसते आणि सर्व्हरच्या कर्नलला दिसत नाही, हा पहिल्या प्रकरणाचा पुरावा. एल-रेपो या बाहेरच्या पॅकेज-संग्रहाकडे त्या कार्डांचे ड्रायव्हर मिळतात. दुसऱ्या प्रकरणाला प्रोसेसर बदलण्यावाचून इलाज नाही.

आता तक्रारी. यातली हत्यारं ताजी आहेत, आणि हेच कधी अंगाशी येतं. ई२एफएसप्रॉग्स (ईएक्सटी फाइल सिस्टमची हत्यारं) १.४७ पासून नव्या ईएक्सटी४ मध्ये 'मेटाडेटा_सीसम_सीड' हे वैशिष्ट्य मुळातच चालू असतं. रेस्क्यूमधून जुन्या सर्व्हरचं बूट विभाजन नव्याने फॉरमॅट केलंत, तर मूळ ग्रब २.०६ ला ते वाचताच येत नाही. 'एमकेएफएस' चालवताना ते आणि 'ऑर्फन_फाइल' दोन्ही बंद करा, किंवा बूटसाठी सरळ ईएक्सटी२ घ्या. झेडएफएस ही फाइल सिस्टम सोबत येत नाही. त्यावर रूट असलेल्यांना हा ड्राइव्ह जसाच्या तसा निरुपयोगी आहे. स्टार्टएक्स मारल्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप येतो, तो जीपार्टेडपुरता (डिस्कची विभाजनं करायचं साधन) बरा.

सिक्युअर बूट बंद करण्याची परवानगी नसलेल्या ठिकाणी डेबियनचीच नेटइन्स्ट (नेटवरून इन्स्टॉल करायची) आयएसओ घ्या. तिच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये रेस्क्यू मोड आहे. सही केलेली असल्याने ती सिक्युअर बूटमधून उठते, रूट कुठलं ते विचारते, वेगळं बूट विभाजन माउंट करू का म्हणते आणि ग्रब पुन्हा बसवून देते. फक्त ग्रबच बिघडला असेल तर हा रस्ता सिस्टमरेस्क्यूपेक्षा जवळचा आहे. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, पार्टक्लोन असल्या डेटा वाचवायच्या चिजा मात्र तिथे मिळणार नाहीत. म्हणून रॅकमध्ये दोन्ही ड्राइव्ह ठेवा. नेटइन्स्ट ज्या आवृत्तीवर निघालात तिची, आधीच्या आवृत्तीची नव्हे.