एक इंजिन गेलं तर जवळचं मैदान की लांबचा रनवे?

सिंगल इंजिन हेलिकॉप्टरवरून ट्विनवर, म्हणजे दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरवर, येणाऱ्या पायलटला आधी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे इंजिन गेलं की कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा लिव्हर) थेट तळाशी. ट्विनमध्ये दुसरं इंजिन चालू असतं, त्यामुळे रोटर आरपीएम (पात्यांचा फिरण्याचा वेग) सावरेल एवढंच कलेक्टिव्ह खाली घ्यायचं, स्पीड व्हीवायकडे (सगळ्यात वेगाने उंची मिळवून देणारा स्पीड) न्यायचा, आणि मशीन उडत राहते. प्रश्न त्यानंतरचा आहे. खाली बऱ्यापैकी मोकळं मैदान दिसतंय आणि रनवे 15-20 मिनिटांवर आहे, कुठे जायचं?

माझं मत आधीच सांगतो, गेलेल्या इंजिनाचं कारण त्याच्यापुरतंच असेल आणि वजन जास्त असेल तर रनवे, आणि बिघाडाचं कारण दोन्ही इंजिनांना लागू होणारं असेल तर मैदान, आणि तेही आत्ता.

रनवेच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा पॉवरचा. बऱ्याच हेलिकॉप्टरना 60-70 नॉटला सगळ्यात कमी पॉवर लागते आणि हॉवरला (हवेत एका जागी थांबायला) भरपूर, म्हणजे एका इंजिनावर आरामात क्रूझ करणारी मशीन हॉवर करू शकेलच असं नाही. रनवेवर तुम्ही हॉवरला न येता थोडा स्पीड ठेवून रन-ऑन लँडिंग करता, म्हणजे टेकून पुढे घसरत किंवा धावत थांबता, त्यामुळे उरलेल्या इंजिनाकडून शेवटच्या क्षणी फार काही मागावं लागत नाही. मैदानात मात्र स्पीड जवळपास शून्य करूनच टेकायचं असतं, म्हणजे जमिनीजवळ येता येता पॉवरची मागणी वाढत जाते आणि नेमकं तिथेच अडीच मिनिटांचं किंवा 30 सेकंदांचं ओईआय रेटिंग (एक इंजिन बंद असताना दुसऱ्याला तेवढाच वेळ वापरता येणारी जादा पॉवर) खर्ची पडतं. हवा थंड, इंधन कमी, मशीन हलकी असेल तर हे सगळं आरामात होतं, गरम दिवशी फुल्ल लोडवर नाही. फ्लाइट मॅन्युअलमधला ओईआय हॉवरचा चार्ट उड्डाणाआधीच बघून ठेवावा, हवेत असताना पानं उलटायला वेळ कुणाला आहे.

आता मैदानाची बाजू. पहिलं इंजिन का गेलं हे विचारा. इंधनात पाणी असेल, आयसिंग असेल, फ्युएल सिस्टिमचा गोंधळ असेल तर दुसरंही त्याच रांगेत उभं आहे. 29 नोव्हेंबर 2013 ला ग्लासगोमध्ये पोलिसांचं ईसी135 पबच्या छतावर कोसळलं, 10 जण गेले. मेन टँकमध्ये इंधन होतं पण ते पुढे पाठवणारे ट्रान्सफर पंप बंद होते, एक इंजिन बंद पडलं आणि दुसरं थोड्याच वेळात त्याच्या मागोमाग. अशा केसमध्ये लांबचा रनवे गाठायचा विचारच करू नये. मेन गिअरबॉक्सचं ऑइल प्रेशर पडतंय किंवा चिप लाइट (ऑइलमध्ये धातूचे कण सापडल्याची सूचना) आलाय तर तेच, गिअरबॉक्स एकच असतो, त्याला स्पेअर नाही.

पण कारण शोधण्याआधी कुठलं इंजिन बिघडलंय हे तरी नक्की कळायला हवं ना, आणि इथे भले भले फसतात. साधं फेल्युअर असेल तर एका बाजूचा टॉर्क (इंजिन किती जोर देतंय ते), टेंपरेचर, एनवन (इंजिनाच्या गॅस जनरेटरचा वेग) सगळं खाली आणि रोटर आरपीएमही खाली. पण गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बिघडून एक इंजिन वर पळालं तर रोटर आरपीएम वाढतो आणि चांगलं इंजिन तो आवरायला स्वतःची पॉवर कमी करतं, मग टॉर्क गेजवर चांगलंच इंजिन मेल्यासारखं दिसतं. ते बंद केलंत की तुमच्या हातात फक्त बिघडलेलं उरलं. म्हणून टॉर्कच्या आधी रोटर आरपीएम बघायचा, कमी असेल तर कमी टॉर्कवालं संशयित, जास्त असेल तर जास्त टॉर्कवालं. बंद करायच्या थ्रॉटलला हात लावून दुसऱ्या पायलटकडून कन्फर्म करून घ्यायचं, आग नसेल तर घाई कसली.

बाकी गोष्टी पटकन. रात्र असेल तर रनवे, कारण अंधारात तारा दिसत नाहीत. चाकांऐवजी स्किड (खालच्या लांब नळ्या) असतील तर मऊ मातीत रन-ऑन करू नका, स्किड रुतला तर मशीन पुढे कलंडू शकते. चाकं आणि पक्का रनवे म्हणजे सगळ्यात सोपं. टेकऑफमध्ये मात्र हा चॉइसच नसतो, टीडीपीच्या (टेकऑफमधला निर्णयाचा ठरलेला बिंदू) आधी इंजिन गेलं तर खाली, नंतर गेलं तर पुढे, आणि कॅटेगरी ए च्या वजनात (एक इंजिन गेलं तरी सुरक्षित राहता येईल अशा मर्यादेत) निघाला असाल तरच ते पुढे जाणं सुरक्षित.

मैदान निवडलंत तर अप्रोच सुरू करतानाच एक उंची ठरवा, जिच्या खाली गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) नाही. एका इंजिनावर गो-अराउंड करायला आधी नाक खाली घालून स्पीड कमवावा लागतो आणि त्यात उंची जाते, म्हणून तारा, जनावरं, उतार हे सगळं त्या उंचीच्या वर असतानाच बघून घ्यायचं. रनवेला पण अशी उंची असतेच, पण तिथे पुढे अडथळा नसतो आणि स्पीडही हाताशी असतो, त्यामुळे निर्णय चुकला तरी सावरायला जागा मिळते.