'ड्रायव्हर लायसन्स'चे अडीच हजार

बेळगावात उद्यमबाग भागात ज्यांची छोटी युनिटं, ऑफिसं आहेत त्यांनी हे जरूर वाचावं. आमचं सीएनसी जॉबवर्कचं काम. टॅली आणि पार्ट्यांची ड्रॉइंग्ज एका जागी राहावीत म्हणून लहान टॉवर सर्व्हर घेतला. त्यात दोन टीबीच्या दोन डिस्क. आमची अट एकच होती, रेड वन पाहिजे. एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर जसंच्या तसं, म्हणजे एक गेली तरी काम अडायला नको.

विंडोज सर्व्हर घालायला शहरातल्या एका दुकानातला पोरगा आला. सेटअप अर्ध्यावर अडला. ड्राइव्ह सापडत नाही, असा मेसेज. पोरानं स्क्रीनचा फोटो मालकाला पाठवला. लगेच मालकाचा फोन: "कंट्रोलर, डिस्क चालवणारा भाग, उडालाय की ओ. कार्ड घालायला पायजे. वॉरंटीच्या नादाला लागलात तर महिना घालवतील." मशीन दुकानात गेलं, चालू होऊन परत आलं. बिलात रेड कार्ड १४,५००, ड्रायव्हर लायसन्स २,५००, इन्स्टॉलेशन ३,०००. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला असा भाग ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर. जीएसटी नाही, कार्डाचा सिरीयल नंबर नाही.

कोल्हापूरचा आतेभाऊ एका साखर कारखान्याचे सर्व्हर बघतो. तो सणाला आला होता, त्याला बिल दाखवलं. लायसन्सच्या ओळीवर बोट ठेवून तो हसतच सुटला. मग मशीनचं झाकण काढलं. कार्डाच्या सगळ्या खाचा रिकाम्या, मागच्या पत्र्याच्या पट्ट्या कंपनीनं बसवलेल्या तशाच. दोन्ही डिस्कच्या वायरी थेट मदरबोर्डात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर', म्हणजे रेडचा नव्हे, डिस्क सुट्या-सुट्या दाखवणारा साधा, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन वेगळ्या डिस्क, दुसरी पूर्ण कोरी. म्हणजे कार्डही नाही आणि नक्कलही नाही. इतके महिने अख्खी टॅली एकाच डिस्कच्या भरवशावर!

कंट्रोलर कधी बिघडलाच नव्हता. छोट्या सर्व्हरवर मदरबोर्डातलं जे रेड असतं ते बहुधा सॉफ्टवेअरवालं. डेलचं पर्क एस, एचपीईचं एस१००आय ही त्यातलीच. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसेल तर डिस्क धडधाकट असूनही दिसत नाहीत. दुखणं जुनंच आहे. सर्व्हर २००३ च्या वेळी एफ सिक्स दाबून फ्लॉपी घालावी लागायची, आता पेनड्राइव्ह. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर मॉडेल घातलं की मिळतो, फुकट. डाउनलोड केलेली फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही. ती आधी उलगडायची, फोल्डरात आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, आणि ड्रायव्हर आपल्याच विंडोज सर्व्हरच्या आवृत्तीचा हवा. मग त्याच अडलेल्या स्क्रीनवर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवायचा.

दुकानदारानं एवढंही केलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, रेडचं एएचसीआय केलं, बस्स. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजकडे असतोच, त्यामुळे डिस्क दिसल्या आणि इन्स्टॉलेशन झालं. पैशापेक्षा याचाच राग जास्त येतो. दुसरी डिस्क आमच्याच पैशाची, आणि आत नुसती फिरत होती.

नुसतं बायोसमध्ये परत रेड करून भागणार नव्हतं. बॅकअप बाहेर काढला, दोन्ही डिस्क पुसल्या, रेड वन नव्यानं बांधलं, ड्रायव्हर दिला. सेटअपमध्ये तेव्हा दोनऐवजी एकच ड्राइव्ह दिसला, १८६३ जीबीचा. रेड वन बरोबर बसलं की असंच दिसतं. इन्स्टॉलेशनवाला समोर असतानाच ही स्क्रीन बघून घ्या.

दुकानदार आधी म्हणाला, "कार्ड तुमच्याकडनंच कुणीतरी काढलं असणार." रिकाम्या खाचांचे फोटो पाठवल्यावर लायसन्सचे अडीच हजार आणून दिले. कार्डाचे अजून द्यायचेत. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर २०१९ च्या कायद्यात व्यापारासाठी घेतलेला माल बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याला तेवढी सूट आहे. आमचं युनिट त्यात बसवता येतं का, ते वकील बघतोय.