कॅबिनेटचे पंखे: बायोसवर सोडायचे की फॅन कंट्रोलवर?

ऐरोलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे, आणि त्याच्यापासून चार हातांवर आई झोपते. मी रात्री व्हिडिओ एडिटिंग करतो. त्यामुळे दोन अंश कमी-जास्त होण्यापेक्षा आवाजाचं मला जास्त पडलेलं असतं.

वर्षभर बायोसमधलाच (म्हणजे मदरबोर्डमधलं, विंडोजच्याही आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) फॅन कर्व्ह वापरला. फॅन कर्व्ह म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल याचा आलेख. एकदा लावला की विंडोज असो वा लिनक्स, पुन्हा बघावं लागत नाही. पण माझ्या मदरबोर्डवर कॅबिनेटच्या पंख्यांना ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत नाही, ते प्रोसेसरच्या तालावर नाचतात. आणि प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं. ब्राउझर उघडला की ४५ वरून ६५ अंश, दोन सेकंदांत परत खाली. तेवढ्यात तिन्ही पंखे घूंऽऽ करत चढणार आणि उतरणार. सलग आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. प्रत्येक वेळी आई कूस बदलायची. स्टेप-अपचा वेळ, म्हणजे पंख्याने वेग वाढवायला घेतलेला वेळ, वाढवून पाहिला, थोडा फरक पडला, इतकंच. उलट नॉइज रिडक्शन लावून व्हिडिओचा एक्स्पोर्ट (तयार फाइल काढणं) सुरू केला की भार कार्डावर, कार्ड ७८ अंशांवर, आणि पंखे निवांत!

फॅन कंट्रोल हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात कार्डाचा एक आणि प्रोसेसरचा एक असे दोन कर्व्ह काढले आणि ‘मिक्स’मध्ये जो जास्त असेल तो घ्यायला सांगितलं. प्रोसेसरचा कर्व्ह ७० अंशांपर्यंत सपाट ठेवला. रिस्पॉन्स टाइमही वाढवला. आता पंखे एक्स्पोर्टलाच चढतात, तेही हळूहळू.

उणीव आहेच. लॉगिन होईपर्यंत ताबा बायोसकडेच असतो. म्हणून प्रोसेसरच्या कूलरचा पंखा मी अजून बायोसवरच ठेवलाय, सॉफ्टवेअर अडकलं तरी काळजी नको. मशीन चोवीस तास चालू राहणार असेल किंवा तुम्ही लिनक्सवर जास्त असाल, तर बायोसच बरं पडेल बहुतेक. काहीही निवडा, पण पंखे तीन पिनांचे असतील तर बायोसमध्ये त्यांचा हेडर (मदरबोर्डवर पंखा जोडायची जागा) डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणाऱ्या मोडवर आहे ना, तेवढं आधी बघा. पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या पिनेवरच्या सिग्नलने वेग ठरवणाऱ्या मोडवर राहिला तर ते कायम पूर्ण वेगानेच फिरतात.

आमच्याकडे एसी नाही. जानेवारीत जमवलेला कर्व्ह मे महिन्यात दिवसभर पंखे पळवत ठेवतो. आता दोन कॉन्फिगरेशन सेव्ह करून ठेवलीत, एक थंडीचं, एक मेचं. मेच्यात सगळे बिंदू पाच अंश पुढे सरकवलेत.